पाहुण्यांची तक्रार

आमच्या ह्यांचा धंदा दुकानांच्या पाट्या रंगवण्याचा. हात असा की नुसता ‘ळ’ काढला तरी बघत राहावं. पण काम घेताना हे अक्षरांचं माप विचारायचे नाहीत; आधी दुकानाच्या मागे एक चक्कर मारून यायचे. संडास असला तर काम घेतलं, नसला तर “सध्या हात भरलेत हो.” मोठ्या आतड्याचं दुखणं लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी जडलं. बरं न होणारं, फक्त सांभाळायचं. कधी महिनेच्या महिने गपगुमान असायचं, कधी दिवसातून दहा वेळा पळवायचं, आणि मिनिटाची सवड द्यायचं नाही.

चारचौघांत सांगणार कसं? एकदा नणंदेकडे जेवताना हे ताडकन उठले, माझ्याकडे बघून म्हणाले, “पाहुणे आले.” मला कळलं. नणंद बिचारी दार उघडायला धावली. तेव्हापासून अडतीस वर्षं आमच्याकडे पाहुणे येतच राहिले. घरातसुद्धा सवयीने ओरडायचे, म्हणजे मी वाटेतून बाजूला व्हावं.

लॉकडाऊन लागला तेव्हा सगळे कुरकुरत होते आणि हे खूश. “बाहेर पडण्याआधी दहादा विचार करायचा, हात धुऊन धुऊन सालं काढायची. लोक आत्ता शिकतायत, मी कधीचा पास झालोय,” म्हणायचे. संडास पाच पावलांवर. कुणाला सबब सांगायला नको. बाहेर जायच्या दिवशी उपाशी राहायची सवय सुटली, गाल जरा भरले.

पण दवाखान्यात जाऊन सलाईनने घ्यायच्या औषधाची एक पाळी चुकली आणि पुन्हा रक्त दिसायला लागलं, दुखणं उसळलं. डॉक्टरीणबाईंनी फोनवर बजावलं, “या गुरुवारी आला नाहीत तर हे औषध लागू पडणार नाही. मग ऑपरेशनच.”

बसगाड्या बंद, रिक्षा बंद. चालत अर्धा तास.

“अहो, हळूहळू जाऊ की.”

“आणि वाटेत झालं तर? चहावाला बंद, वाचनालय बंद, फोटो स्टुडिओला कुलूप. सगळीकडे पाट्या माझ्याच, पण एक दार उघडं नाही.”

“मी आहे ना बरोबर.”

“तू काय करणार? छत्री धरून आडोसा?”

हसलो दोघंही. पण बुधवारी सकाळी ह्यांनी बाहेरचे बूट कागदात गुंडाळून माळ्यावर टाकले, तेव्हा मी समजले की हे काही जात नाहीत.

मी त्याच विचारात होते आणि बेल वाजली. दारात नगरपालिकेचा माणूस, नाकावर मास्क, हातात वही.

“आजी, तुमच्याकडे पाहुणे येतात अशी तक्रार आहे. मनाई आहे, ठाऊक आहे ना?”

“आमच्याकडे? इकडे कुत्रंसुद्धा फिरकलं नाही हो!”

त्याने वही वाचली. “काल सकाळी सहा, साडेसात, आठ, पावणेनऊ. तुमचे यजमानच ओरडतात म्हणे, ‘अगं, पाहुणे आले!’”

मला हसू आवरेना आणि सांगवेना. जिन्यात खालच्या मजल्यावरच्या हेडबाई उभ्या होत्या. बालवाडीच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, पण छडी अजून जिभेवर. तक्रार कुणाची ते वेगळं विचारायला नको.

“मी माझ्या कानांनी ऐकलंय,” त्या म्हणाल्या. “इतकी माणसं येतात आणि कपबशीचा आवाज नाही. पत्त्यांचा अड्डा असणार!”

नेमकी आतून आरोळी आली, “अगं, पाहुणे!” आणि धाडकन दार लागलं.

तो माणूस बावचळला. “इथून तर कुणी आत गेलं नाही.”

मी मान खाली घातली. थोड्या वेळाने हे हात पुसत बाहेर आले. आता हे घसा खाकरून काहीतरी थाप मारणार असं मला वाटलं.

“साहेब, माझ्या आतड्याला जुना रोग आहे. पाहुणे म्हणजे संडासला लागणं. आज सकाळपासून सहा झाले. लिहून घ्या.”

त्याने वही मिटली. “काळजी घ्या, आजोबा,” म्हणाला आणि दोन-दोन पायऱ्या उतरत गेला.

हेडबाई जागच्या हलल्या नाहीत. “मग दवाखान्यात कसे जाता?”

“जात नाही,” हे म्हणाले. “उद्या बोलावलंय. पण वाटेत सोय नाही.”

त्या तडक खाली गेल्या. मला वाटलं, ओशाळल्या. परत आल्या त्या किल्ल्यांचा जुडगा घेऊन.

“आमची बालवाडी बरोबर अर्ध्या वाटेवर आहे. कुंड्यांना पाणी घालायला किल्ली माझ्याकडेच असते. मी पुढे जाऊन उघडून ठेवते. पंधरा मिनिटं निभेल?”

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. “माळ्यावरचे बूट काढून दे,” म्हणाले.

गुरुवारी बाराव्या मिनिटाला ह्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. तसेच झपाझप बालवाडी गाठली. फाटक सताड उघडं होतं, आणि हेडबाई आमच्याकडे पाठ करून कुंडीतली पिवळी पानं खुडत होत्या.

हे आत पळाले, मी पोरांच्या वीतभर खुर्चीवर कशीबशी टेकले. आतून हाक आली, “अगं, हे गुडघ्याएवढंच आहे गं!”

“बसा तसेच!” हेडबाई अंगणातूनच ओरडल्या. “इथे लाजायचं नाही, नियम आहे. कित्येक वर्षं हेच शिकवलं पोरांना.”

हे बाहेर आले, कमरेत वाकून त्या चिमुकल्या बेसिनवर हात धुतले, आणि भिंतीवरच्या रंगवलेल्या बदकांकडे निरखून बघायला लागले.

“ही कुणी काढली? चोची कावळ्याच्या आहेत.”

“मी काढली,” हेडबाई म्हणाल्या. “या मग सुधारायला.”

“येतो. आधी सलाईन लावून घेतो,” म्हणाले, आणि माझी वाट न बघता फाटकातून दवाखान्याच्या दिशेने चालायला लागले.