पर्यायी जागा

थोरलीने लाल फडकं बांधलेली खुंटी उपटली आणि साहेबांच्या पुढ्यात टाकली. तेल खात्याच्या माणसांनी ती तिच्या रोपवाटिकेत, आंब्याच्या कलमांच्या ऐन मधोमध ठोकली होती.

"बाई, खालचं तेल सरकारचं," साहेब समजुतीने म्हणाले. "वरची जमीन तुमचीच आहे."

"मग खालून या की! माझ्या उरावर कशाला?"

साहेबांना हसू आलं. माणूस वाईट नव्हता. तेलाची विहीर अडवता येणार नाही, पण हरकत घेऊन जागा बदलून मागता येईल, हे त्यांनीच सांगितलं.

अकरा महिने सुनावण्या चालल्या. प्रत्येक खेपेला धाकटी जाऊ सोबत असायची. भावाभावांत वाटणी झाल्यापासून दोन घरांच्या मधे तारेचं कुंपण होतं, एवढंच. धाकटीला अक्षरओळख नव्हती, तोंड मात्र खणखणीत. साक्षीला उभी राहिली तेव्हा म्हणाली,

"साहेब, आमच्या ताई एकेका कलमाला नावाने हाक मारतात. नवऱ्याला कधी मारली नाही."

सगळी खोली हसली. महिन्याभरात निकाल लागला. विहीर हलवायची ठरली. थोरली धाकटीच्या गळ्यात पडून रडली.

आठवड्याने धाकटी लिफाफा घेऊन आली.

"ताई, वाचा बरं. आपल्या निकालाचंच असेल."

थोरलीने चष्मा लावला. विहीर आता कुंपणापलीकडे होणार होती, धाकटीच्या स्वयंपाकघरापासून तीस पावलांवर. खाली वेगळी ओळ होती : 'शेजारील जमीनमालकाने सुचवलेली पर्यायी जागा.' शेवटच्या सुनावणीनंतर तिच्या वकिलाने तिला एकटीला गाठून, नकाशावर बोट ठेवून विचारलं होतं, इथे चालेल? तिने नकाशा नीट पाहिला होता आणि मान हलवली होती.

तिने नोटीस मोठ्याने वाचली. ती ओळ सोडून.

धाकटी मटकन पायरीवर बसली. 

"हरकत घ्यायला महिना आहे," थोरली कशीबशी म्हणाली.

"तुम्ही याल ना ताई? माझ्या बाजूने बोलायला?"

थोरलीने कागदाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली.

"येईन."

"मग मला कसली भीती?" धाकटीने डोळे पुसले आणि कागद मागून घेतला. "आणि सुनावणीला तिथला कारकून सगळा कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवतो. मलाही नीट कळेल, कशावरून काय झालं ते."