पहिला मुक्काम

मी एक जुना तंबू आहे, मित्रांनो. रखवालदारकाकांच्या थोरल्या मुलीचे लग्न झाले, त्या वर्षीचा माझा जन्म. शिंप्याने जाड कापडाला दुहेरी शिवण घातली आणि मी या अभयारण्यात दाखल झालो.

इथे रात्री राहायच्या जागा तऱ्हेतऱ्हेच्या आहेत. विटांचे विश्रामगृह आहे. त्याला पंखे असल्यामुळे ते जरा तोऱ्यात असते. झाडावरची खोली वारा सुटला की करकरते आणि पाहुणे देवाचे नाव घेतात. तळ्याकाठी मचाण आहे, तिथे झोपायला कमी आणि जागायला जास्त जातात. मी मात्र जमिनीवरचा. माझ्यात निजलेल्याला बाहेर चरणाऱ्या हरणाचा श्वास ऐकू येतो.

काकांची एक रीत होती. हंगाम उघडला की पाहुण्यांच्या आधी पहिला मुक्काम त्यांनी आणि काकूंनी माझ्यात करायचा. कुठे गळते, कुठून मुंग्या येतात, ते पाहायला. लेकी सासरी गेल्यावर घर सुने झाले होते. त्यामुळे कामाची ती रात्र दोघांच्या आवडीची झाली. नवऱ्याने आपल्याला दाखवलेला एवढा एकच बंगला, असे काकू सगळ्यांना सांगत.

मग काकांचे गुडघे गेले. त्या वर्षी मी दवाने ओला असतानाच दुसऱ्या माणसांनी मला गुंडाळून कोठीत टाकले. पुढच्या हंगामात उघडले तर अंगभर काळे डाग आणि कुबट वास. अभयारण्याचे साहेब म्हणाले, कापा आणि सरपणावर घाला. काका काठीवर रेलून उभे होते. मचाणाची किंवा झाडावरच्या खोलीची शिडी त्यांना चढवत नव्हती, आणि पहिला मुक्काम आणखी एकदा तरी करायचा, एवढेच त्यांचे मागणे होते.

काकूंनी साहेबांकडून आठ दिवस मागून घेतले. लिंबू-मिठाने मला घासले, उन्हात उलटेपालटे केले, विश्रामगृहाच्या जुन्या पडद्याची ठिगळे लावली. तेव्हापासून विश्रामगृह माझ्याशी जरा नमून वागते.

साहेबांनी आत डोके घालून वास घेतला. "वास गेला. पण रंग पार उडालाय."

"रंग आमचाही उडालाय साहेब," काकू म्हणाल्या. "आम्हालाही कापता का?"

साहेब हसले आणि मी वाचलो.

त्या संध्याकाळी दोघे आत आली. काका पाठ टेकून वर बघत राहिले.

"अगं, कुठेच गळत नाही गं."

"अहो, पाऊस कुठाय गळायला?"

"तरी सांगून ठेवतो."

मित्रांनो, माझ्यात राहायला जरूर या. निघताना मात्र मला नीट वाळू द्या, मगच घडी घाला. तेवढी सकाळ माझ्यासाठी थांबा. माझे बरे चालले आहे. पहिल्या मुक्कामाला काकू अजून येतात, सोबत थोरली लेक असते.

रखवालदारकाका त्या मुक्कामाच्याच वर्षी, हंगाम संपता संपता, ऐन पानगळीत वारले.