चाळीस जाळ्यांचा गुन्हा

मी चिमाबाई. टाकव्याच्या वरच्या अंगाला आमची ठाकरवाडी. एप्रिल सरत आला की रानातली करवंदं तोडायची, पानांच्या दोण्यात भरायची आन लोणावळ्याला नेऊन इकायची. वाडीतल्या बायांचा उन्हाळा त्याच्यावर निघतो. तितंच कुणी मशीन फिरवनार म्हनलं, तर डोस्कं फिरंल का न्हाई?

ग्रामसभेत कागद वाचला. सोमवारी उतारावरची झुडपं साफ करायची आन तितं जांभळा-हिरड्याची रोपं लावायची. जंगल वाढवायला जंगल तोडायचं म्हंजे अकलेची कमालच! मंग मीच जंगलखात्याच्या नव्या गार्डबाईला फोन लावला. रुपाली तिचं नाव. पोरगी बीडकडची, येऊन जेमतेम आठवडा झालेला.

"मॅडम, त्या उतारावर आमच्या चाळीस जाळ्या हायेत. आजेसासूपासनं घराघरानं वाटून घेतल्यात. त्यांना हात लावायचा न्हाई, सांगून ठिवते!"

"चाळीस?" बाई किंचाळलीच. "आणि हे तुम्ही मलाच सांगताय? काय सापडतं त्यात?"

मला वाटलं, चौकशी करती बिचारी. म्हनलं, "ससं असत्यात, लावं-तितरं असत्यात. एकदा रानडुकराची पिल्लं बी व्हती."

फोन बंद.

दुसऱ्या दिवशी सकाळीच विठाबाई, माझी शेजारीण, धापा टाकत आली. "अगं चिमे, पळ! तुला धरायला आल्यात!"

मी कशाला पळतीय? बाहेर बघते तर रुपालीबाई, दोन गडी, रिकामी पोती आन पंचनाम्याचे कागद. तोंड असं की हसू इसरलेली. म्हनाली, "जाळ्या दाखवा." म्हनलं, चला.

उतारावर गेल्यावर ती इकडंतिकडं बघाया लागली. "कुठं आहेत?"

"डोळं हायेत का बटनं?" मी म्हनलं. "ही माझी. ती विठाबाईची. ती पल्याडची कस्तुराबाईची."

"मावशी, ही तर करवंदं आहेत!"

"मंग जाळी करवंदाचीच असनार! मासं धरायला डोंगरावर कोण येतंय?"

बाईनं कपाळावर हात मारला. "मला वाटलं, शिकारीच्या जाळ्या!" पोती घेतलेला गडी हसून हसून खालीच बसला. आमी बी लय हसलो.

पर हसू वसरल्यावर ती हळूच बोलली, "मावशी, झुडपं काढायचा हुकूम तर आहेच. सोमवारी मशीन येणार."

मी तिला हाताला धरून जाळीपाशी नेलं. म्हनलं, "वाक. आत बघ." कोयत्याच्या दांड्यानं काटं वर धरलं आन ती आत शिरली. शर्ट अडकला, केसं अडकली, पर पोरगी मागं फिरली न्हाई.

"मावशी, आत जांभूळ आहे. कमरेएवढं! आणि हा हिरडा ना?"

"व्हय. पाखरं बिया टाकत्यात. काट्यात गुरं तोंड घालत न्हाईत, म्हनून रोपं जगत्यात. तवाच तर आमी जाळीला कोयता लावत न्हाई."

दुपारपत्तोर तिनं चाळीसच्या चाळीस जाळ्यांत डोकं घालून फोटो काढलं. मंग माझ्यासमोरच साहेबाला फोन लावला. "सर, जी झाडं लावायचीत ती इथं आधीच उगवलीत. खड्डे वरच्या उघड्या माळावर घेऊया. आणि राखणीला ह्याच बायका ठेवा." साहेब म्हनला, फोटो पाठवा, बघतो. बघतो म्हंजे काय, ते मला ठावं. तीन दिवस मी उतारावर खेपा घातल्या.

सोमवारी उजाडताच मी जाऊन माझ्या जाळीपुढं बसले. मशीन आलं न्हाई. रुपाली आली, चालत, एकटीच.

"उतार वाचला, मावशी. खड्डे माळावर, आणि कामाला वाडीच."

मला रडूच फुटलं. तिच्या हातांवर काट्यांचं ओरखडं अजून लालच व्हतं. मी तिच्या तोंडावरनं दोनी हात उतरवलं आन माझ्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. खाकीतल्या मानसाची दृष्ट मी जन्मात पयल्यांदा काढली.