उकिरड्यावरची संत्री

वकिली सोडून उद्धवनं अमरावतीत घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये संत्र्याचा रस बाटल्यांत भरायला सुरुवात केली. पहिला हंगाम बरा गेला. फळ पातळ सालीचं, रसाळ होतं. अकोल्याचा किराणा दुकानदार ओमप्रकाश यानं ठेवलेल्या बाटल्या उन्हाळा सरायच्या आत संपल्या.

एकोणीसशे सत्तावन्नच्या हंगामात फळ जाड सालीचं आणि आतून कोरडं निघालं. टोपलीतलं निम्मं उकिरड्यावर जाऊ लागलं. मजुरी तेवढीच, जळण तेवढंच, भरलेल्या बाटल्या मात्र निम्म्या. उद्धवनं भाव वाढवला आणि तो सांगायला स्वतः अकोल्याला गेला. जे फेकलं तेही आपण विकतच घेतलेलं असतं, त्याचा भार उरलेल्या बाटल्यांवरच पडणार, हे त्यानं परोपरीनं समजावलं.

ओमप्रकाशनं शांतपणे ऐकून घेतलं. "वकीलसाहेब, तुमचं खरं आहे. पण तुमी फेकलं, त्याचे पैसे माह्या गिऱ्हाईकानं काहून द्यावे? मुंबईचा माल सस्ता येऊन राहिला."

परतल्यावर उद्धवनं फळ निवडणाऱ्या शकुनला बजावलं, फार टाकायचं नाही. मग डागी, मऊ पडलेलं फळही रसात जाऊ लागलं. त्याची बायको रमा म्हणाली, याला आंबूस वास येतोय, निदान उकळी तरी वाढवा. पण उकळी वाढवली की रस आटायचा आणि जळणही जास्त लागायचं. त्यानं ऐकलं नाही. बाटली जुन्या भावात बसली म्हणून तो कितीतरी दिवसांनी पोटभर जेवला.

चैत्रात अकोल्याहून निरोप आला. रस आंबून दुकानातल्या बाटल्या फुटू लागल्या होत्या. गल्ल्याजवळ बसलेल्या ओमप्रकाशच्या आईच्या, पार्बताबाईंच्या डोळ्यात काच गेली होती.

उद्धव तसाच दवाखान्यात गेला. म्हातारीच्या डोळ्यावर पट्टी होती. कोण आलंय, तिनं विचारलं. ओमप्रकाशनं सांगितलं, रसवाले. तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. डोळा वाचला नाही.

सगळा माल परत आला. रमा आणि शकुन दिवसभर एकेक बूच काढून रस नालीत ओतत होत्या. माश्यांनी शेड भरून गेली. संध्याकाळी शकुननं हात धुतले आणि विचारलं, "भाऊ, उद्या कामाले येऊ का?"

उद्धव पायरीवर बसला होता. त्यानं तिची राहिलेली मजुरी मोजून पायरीवर ठेवली. पदरानं हात पुसून तिनं ती उचलली आणि निघून गेली.