पोखऱ्याची वाटखर्ची

झिंगूभाऊंनी ओट्याखाली चपला काढल्या आणि शर्टाच्या खिशात दोन बोटं घातली, तेव्हा भाग्यश्रीला सासूबाईंचं वाक्य पुन्हा आठवलं. "गावात सांगजो नोको. जाऊन आल्यावर सांगजो."

फेब्रुवारीत गुणाबाई हे म्हणाल्या तेव्हा भाग्यश्री पोळ्या लाटत होती. तिनं मान हलवली आणि ते बोलणं कढीपत्त्याच्या काडीसारखं ताटाबाहेर ठेवून दिलं. सासूबाईंना नजर लागायची भीती वाटत असणार, दुसरं काय. बी.एस्सी. झालेल्या बाईनं नजरेला भ्यायचं, तर मग भीतीच्या बाकीच्या खऱ्या कारणांना वेळ कधी द्यायचा? तिनं कॉन्व्हेंटमधल्या एका शिक्षिकेला सांगितलं, एवढंच. पुढचं काम एका आठवडी बाजारानं केलं.

"घे वो बाई," झिंगूभाऊंनी घडी घातलेली पन्नासची नोट पुढे केली. "वाटखर्ची."

"राहू द्या ना, काका."

"वाटखर्चीले नाई म्हनत नसते. पसुपतीनाथाले जाऊन राह्यले तुमी. आमचा बी रुपया लागू द्या."

"पशुपतिनाथ काठमांडूले आहे, काका. आम्ही पोखऱ्याले जाऊन राह्यलो. फिराले. देवाले नाई."

"तेच ना," झिंगूभाऊ ओट्यावर टेकले. "देव काय एकाच जागी बसून राह्यते का? तोही फिरतच असन." मग त्यांनी आवाज खाली आणला. "तिथी आपला रुपया मोठा होते म्हनते. शंभरचे एकशे साठ."

"हो."

"मंग हे पन्नास नाई. ऐंशी होये." आणि ऐंशी रुपये दिल्याच्या समाधानानं ते चहा पिऊन गेले.

भाग्यश्रीनं नोट फडताळातल्या स्टीलच्या डब्यात टाकली आणि मोबाईल उघडला. सहलीचा सगळा हिशेब मोबाईलमध्ये होता. ट्यूशनचे साठवलेले साठ हजार. त्याच्यावर काही नाही, कारण बाकीचे पैसे जूनमध्ये आचलच्या पहिलीच्या प्रवेशाला जायचे होते. सिंदेवाहीहून बल्लारशाह, तिथून गोरखपूरची गाडी, पुढे सीमेपर्यंत बस, पलीकडे दुसरी बस. खोली. जेवण. त्याखाली 'औषधं', आणि त्याखाली 'आणखी औषधं'. 'रस्ता चुकला तर' यासाठी दोन हजार. एके दिवशी तिनं 'आचल हरवली तर' असंही लिहिलं होतं. त्याच्यापुढे रक्कम काय टाकायची ते सुचेना, म्हणून पुसून टाकलं, आणि त्या रात्री पोरीचा हात उशाशी धरून झोपली.

ही सहल दोनदा मोडली होती. एकदा आचलला डेंग्यू झाला तेव्हा, एकदा हेमराजच्या राइस मिलचा पगार अडकला तेव्हा. तिसऱ्यांदा मोडली तर आपण पुन्हा तिचं नाव काढणार नाही, हे भाग्यश्रीला ठाऊक होतं. आणि या सगळ्या हिशेबात तिची स्वतःची म्हणावी अशी एकच गोष्ट होती. तलावाकडे तोंड असलेली खोली. तिच्या खिडकीतून आधी पाणी दिसायचं आणि पाण्यामागे बर्फाचा डोंगर. मागच्या बाजूच्या खोलीपेक्षा चार रात्रींचे सहा हजार जास्त. तिनं त्या खिडकीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवला होता आणि एप्रिलमध्ये, पंखा गरम हवा फेकायला लागला की, तो काढून बघायची.

आता डबा भरत होता आणि खिडकी लांब जात होती.

कारण वाटखर्ची म्हणजे काही देणगी नव्हे. यात्रेला जाणाऱ्याच्या हातावर गाव पैसे ठेवतं, आणि परत आलेला माणूस देणाऱ्याच्या हातावर काहीतरी ठेवतो. गंडा, तसबीर, खोबऱ्याचा तुकडा. हे कुणी बोलून दाखवत नाही. पण बारा वर्षांपूर्वी कुणी रामेश्वरहून रिकाम्या हातानं आलं होतं, त्याचं नाव गावाला अजून पाठ आहे. आणि फिरायला गेलेल्या माणसानं प्रसाद आणायचा कुठून? भाग्यश्रीनं 'गावासाठी' असा एक खर्च मांडला. तो रोज वाढत होता.

"की-चेन घेऊ," हेमराज संध्याकाळी म्हणाला. मिलमधून आला की त्याच्या भुवयांवर कोंड्याचा पांढरा थर असायचा. "डझनावारी स्वस्त भेटते."

"उद्या सोमारी मावशीही वाटखर्ची घेऊन येईल, ते की-चेनले काय लावेल? तिच्या घराले कुलूप कुठी आहे?"

हेमराजनं भुवया पुसल्या. "मंग शाल?"

"वीस रुपयाच्या वाटखर्चीले शाल?"

"मले काऊन रागावतेस? मी सांगतलं होतं का गावाले?"

वारलूबाबा, भाग्यश्रीचे सासरे, बाजेवर बसून जाळ्याचं भोक सांधत होते. त्यांनी दातांनी दोरा तोडला आणि हसू मिशीत ठेवलं.

त्या रात्री भाग्यश्रीनं तलावाकडची खोली हिशेबातून काढली आणि मागची टाकली. फोटो मात्र पुसला नाही. मागच्या खोलीतही पंखा असेल, गादी असेल. आणि आचलला काय, तिला जिथं नळाला गरम पाणी येतं तिथं मजाच वाटणार.

सोमारी आली ती दोन दिवसांनी, दुपारी. तेंदूपत्त्याचे पुडे ठेकेदाराला देऊन थेट इकडेच आली होती. बोटं काळी पडली होती आणि डोक्यावरचा पदर घामानं चिकटला होता. गुणाबाई घरी नव्हत्या, मासोळीची टोपली घेऊन बाजारात गेल्या होत्या. भाग्यश्रीनं माठातलं पाणी दिलं. सोमारीनं ते एका दमात संपवलं आणि कमरेच्या बटव्यातून वीसची नोट काढली.

भाग्यश्रीनं या वेळी आधीच विचारायचं ठरवलं होतं. "मावशी, तुमाले तिथून काय आणू? सांगून द्या. मंग आवडलं नाई म्हणान."

"मले? मले कायले आनतेस?" सोमारीला खरंच कळलं नाही. "म्या तं फेडून राह्यली."

"काय फेडून राह्यल्या?"

"मी तिरुपतीले गेली तवा तुझ्या सासूनं देल्ले होते. येष्टीच्या टायमाले रस्त्यावर उभी, डोक्यावर टोपली. मले म्हनते, थांब वो. पदराची गाठ सोडली अन् हे एवढी ओली नोट." सोमारी हसायला लागली. "अशी मासोळीची वास मारे! हुंडीत टाकली तं बालाजीनं नाक धरलं असन."

भाग्यश्रीही हसली. "आणि झिंगूकाका?"

"झिंगूले काशीले देल्ले. त्याच्या भावाले देल्ले. अवो, या गावातून कोनी बी कुठी गेलं, तं गुनाबाईची वाटखर्ची घेऊनच गेलं. आन ते परत घेतच नाई. जवा ते जाईन तवाच देता येते ना. तीस वर्सं झाली, बाई काही जातच नाई. आमी मरून गेलो असतो तसेच, डोक्यावर घेऊन." तिनं नोट भाग्यश्रीच्या हातात कोंबली आणि मूठ मिटून दिली. "आता गेली एकदाची तं आमी बी सुटलो."

म्हणजे कुणालाच काही आणायचं नव्हतं. भाग्यश्रीला एकदम हलकं वाटलं. 'गावासाठी' सगळंच्या सगळं पुसता येणार होतं. तिचा हात मोबाईलकडे गेलासुद्धा. तलावाकडची खोली अजून शिल्लक असेल तर आजच सांगून टाकू, हेमराजला विचारायचीही गरज नाही.

सोमारीनं घरात डोकावून पाहिलं. "बाईची ब्याग भरली का? स्वेटर घे म्हना. थंडी असते म्हनते तिथी."

सोमारीनं उत्तराची वाटही पाहिली नाही. बोटांचा काळेपणा दगडावर घासत, आज पानं किती कमी निघाली ते सांगत राहिली आणि निघून गेली. भाग्यश्री माठापाशी उभी राहिली. तिची मूठ अजून मिटलेलीच होती.

एवढे लोक ओट्यावर येऊन गेले. गुणाबाई बहुतेक वेळा घरातच होत्या. कुणी म्हटलं, बाई, नशीब काढलं वो. कुणी म्हटलं, पोरानं नेलं शेवटी. गुणाबाई प्रत्येकाला चहा करून देत होत्या आणि चहा गाळताना खाली बघत होत्या. भाग्यश्रीला वाटलं होतं, पोराच्या, सुनेच्या कौतुकानं त्या लाजतात. आपण जाणार नाही, हे त्यांनी एकाही माणसाला सांगितलं नव्हतं. 'गावात सांगजो नोको' ते नजरेपायी नव्हतं, या फेडायला येणाऱ्या लोकांपायी होतं.

ऊन कलल्यावर गुणाबाई आल्या. त्यांनी टोपली अंगणातल्या नळाखाली धरली आणि काथ्यानं घासायला घेतली. बाजूला आचल खापराच्या तुकड्यांनी दुकान मांडून बसली होती आणि आजीला मासोळीचा भाव विचारत होती.

भाग्यश्री दारात येऊन उभी राहिली. "आई, तुमचं मतदान कार्ड कुठी आहे?"

"काऊन? निवडनूक लागली का?"

"नाई. नेपाळात जाले पासपोर्ट लागत नाई. ते कार्ड चालते."

काथ्या थांबला. मग पुन्हा सुरू झाला, टोपलीची तीच बाजू दुसऱ्यांदा. "तिकिटं तं तीनच काहाडले ना तुमी?"

"चौथं काढू. वेटिंगमध्ये आहे, पण उतरते म्हणते. नाई उतरलं तं आचलच्या बर्थवर तुमी दोघी. ते तशीही तुमच्याचजवळ झोपते."

"मले बसमधी ओकारी होते."

"गोळ्या घेतल्या आहेत."

"तुमी नवरा-बायको चालले फिराले. मी म्हातारी कायले मधात?"

"रातची बस आहे, आई. हे झोपून जातात. आचलवर दोन डोळे पुरत नाईत मले." हे भाग्यश्रीनं पटवायला म्हटलं, आणि म्हणताना तिच्या लक्षात आलं की 'आचल हरवली तर' याच्यापुढे जी रक्कम सुचली नव्हती, तिचं उत्तर अंगणात टोपली घासत होतं.

गुणाबाईंनी नळ बंद केला. "आन तुझी ते खिडकीवाली खोली?"

त्यांना ठाऊक होतं तर. फोटो बघताना त्या मागून जात असणार. भाग्यश्रीनं खाली वाकून आचलच्या फ्रॉकला लागलेली माती झटकली.

"खिडकी तं बसलेही असते," ती म्हणाली.

बाजेवरून वारलूबाबा पहिल्यांदाच बोलले. "जाय वो. मी हावो ना इथी. तलाव आटून राह्यला, मासोळी हातानं धरता येते, राखन सोडून मले तं कुठी जाता येत नाई. तू जाय."

"तुमाले जेवाले कोन देईन?"

"माहे हात तुटले का?"

गुणाबाई टोपली भिंतीला पालथी घालायला गेल्या. ती नीट ठेवायला त्यांना जरा जास्तच वेळ लागला. परत आल्या तेव्हा पदराला हात पुसत होत्या.

"तिथी तलाव आहे म्हनते ना मोठा? मासोळी कोनती निंगते त्याच्यात?"

"मले नाई माहीत."

"शिकली-सवरली अन् एवढं नाई माहीत," गुणाबाई म्हणाल्या. "पाहा लागन मंग." आणि कार्ड शोधायला आत गेल्या. आतून ट्रंक ओढल्याचा आवाज आला, मग आचलला बोलावल्याचा. ट्रंकेच्या तळाला कुठेतरी एक स्वेटर होता.

हेमराज आला तेव्हा भाग्यश्री नवा हिशेब मांडून बसली होती. 'गावासाठी' नाही. खोली मागचीच, पण चौघांची. 'आणखी औषधं'मधून तिनं पाचशे कमी केले, हे हेमराजनं दोनदा वर-खाली करून पाहिलं आणि तिच्या कपाळाला हात लावून ताप आहे का तेही पाहिलं. डब्यातल्या नोटा तिनं हिशेबात धरल्याच नाहीत. त्या एका पिशवीत घालून सासूबाईंच्या हातात दिल्या.

"ह्या तुमच्या. तिथं काय घ्यायचं ते तुमी घेजा."

निघायच्या आदल्या दिवशी ती घरोघर फिरली. झिंगूकाकांना सांगितलं, सोमारीला सांगितलं, कॉन्व्हेंटमधल्या शिक्षिकेलाही सांगितलं. वारलूबाबांकडे लक्ष ठेवा. सगळे हो म्हणाले. तरी गाडीत बसल्यावर तिला वाटलं, तेंदूपत्त्याचे दिवस, सगळे पहाटेच रानात जातात, एखाद्या दिवशी प्रत्येकाला वाटेल की दुसरा कुणी जाऊन आला असेल.

म्हणून तुम्हालाही सांगणं आहे. मे महिन्याच्या मध्यात नागभीडहून सिंदेवाहीकडे तुमचं कधी जाणं झालं, तर थोडी वाट वाकडी करा. तलावाच्या पाळीला लागून घर आहे, कुणीही दाखवेल. वारलूबाबा सकाळी राखणीवरून येऊन बाजेवर पडलेले असतील. जेवलात का म्हणून विचारलं तर ते 'हाव, जेवलो' म्हणतील. त्यावर जाऊ नका. आत चुलीपाशी भाताचा गंज झाकून ठेवलेला असेल, तेवढं झाकण काढून पाहा.