सोडायचं कधी

गोचीड हे नाव तिला जिममधल्या ठोसेबाज पोरांनी ठेवलं. चिकटली की सुटत नाही, म्हणून. ती शिकायची जिउ-जित्सू, म्हणजे जमिनीवरची झटापट: समोरच्याचा हात नाहीतर मान अशी पेचात धरायची, की त्यानं हार मानावी किंवा सांधा गमवावा. पोरांच्या मते हे नुसतं लोळणं. स्वतःचा दम दोन मिनिटं टिकत नव्हता, पण उचलली जीभ लावली टाळ्याला.

मग गोचीड मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या पिंजऱ्यात उतरली. तिथं ठोसे, लाथा, पेच सगळं चालतं. पहिल्या लढतीला हॉलमध्ये माणसांपेक्षा खुर्च्या जास्त होत्या. तिनं चार ठोसे खाल्ले, समोरचीला कंबरेला धरून खाली ओढलं आणि दीड मिनिटात लढत संपवली. आयोजक जांभई देत म्हणाला, लोकांना रक्त बघायचं असतं, असल्या गाठी नव्हे. ओळीनं आठ जणींना तिनं असंच गुंडाळलं, तेव्हा त्याच आयोजकानं तिचा फोटो भिंतीएवढा छापला आणि हिरा आपणच पारखला म्हणून सांगत सुटला. गाढवाला गुळाची चव काय? पण गूळ विकायला हेच गाढव पुढे.

तिला जिउ-जित्सू शिकवणारे सर तसले नाहीत, असं तिला वाटायचं. बारा वर्षं ती त्यांच्याकडे शिकत होती. सकाळी मॅट पुसायची, लहान मुलींचा वर्ग घ्यायची. सरांचा कायदा एकच: जोडीदारानं दोनदा थोपटलं, म्हणजे हार मानली, की त्या क्षणी सोडायचं. न सोडणाऱ्याला ते सरळ दार दाखवत.

त्या वर्गातलीच एक छोटी. अकराव्या वर्षी आली, ताई ताई करत वाढली आणि पुढं ठोसे असे मारू लागली की पोरं गुपचूप बाजूला सरकायची. तीही पिंजऱ्यात उतरली, जिंकू लागली. आधीच्या विजेतीनं दुखऱ्या गुडघ्यापायी विजेतेपदाचा पट्टा सोडला, तेव्हा आयोजकानं पट्ट्यासाठी या दोघींचीच लढत लावली.

आता सर कुणाच्या कोपऱ्यात उभे राहून कुणाला डाव सांगणार? चार दिवस ते ताकाला जाऊन भांडं लपवत राहिले. शेवटी म्हणाले, "तू जुनी आहेस. तुला माझी गरज नाही. छोटी अजून लहान आहे." एकवीस वर्षांची घोडी, आणि लहान! आयोजकाला तरणा चेहरा हवा होता आणि सरांना आयोजक, एवढंच. गोचिडीला ते फार लागलं. पट्टा तिला हवाच होता, पण त्याहून जास्त तिला सर आपल्या बाजूला हवे होते. आता पट्टाच उरला.

दुसऱ्या राउंडला तिनं छोटीचा हात पेचात घेतला. मांडीवर दोन चापट्या पडल्या, दहा वर्षं रोज पडायच्या तशाच. गोचिडीचे हात आपोआप सुटले. पिंजऱ्यात लढत फक्त रेफ्री थांबवतो, आणि रेफ्री होता दुसऱ्या बाजूला. त्याला काहीच दिसलं नव्हतं. छोटीला उठवायला गोचिडीनं हात पुढं केला. छोटीनं तिच्याकडे पाहिलं, मग सरांकडे. सर जाळीला नाक लावून उभे होते. त्यांनी त्या चापट्या पाहिल्या होत्या.

"बघतेस काय?" ते म्हणाले. "मार."

छोटीनं मारलं. भुवई फुटली, डोळ्यात रक्त उतरलं, आणि घंटा झाली म्हणून गोचीड वाचली. तिच्या कोपऱ्यातल्या भाडोत्री माणसानं जखम दाबली आणि रेफ्रीला शिव्या घातल्या.

तिसऱ्या राउंडला तोच हात तिच्या तावडीत आला. दोन चापट्या पडल्या. मग चार. मग नुसता सपाटा. गोचीड ताणतच राहिली. रेफ्री वळसा घालून आला, दोघींवर पडला, तेव्हा तिनं सोडलं. तोवर कोपर वाजलं होतं.

पट्टा बांधायला सगळ्यांच्या आधी कोण धावलं? सर. वारा येईल तशी पाठ द्यायला ते बरे तयार होते. माइक हातात घेऊन म्हणाले, दोघी माझ्याच मुली. खांद्यावर ठेवलेला त्यांचा हात गोचिडीनं उचलून बाजूला केला. ती लाजली असं लोकांना वाटलं, आणि टाळ्या पडल्या.

नंतर ती डॉक्टरांच्या खोलीत गेली. छोटी कोपराला बर्फ लावून बसली होती.

"ताई, मी थोपटत होते. तुला कळलं नाही?"

गोंगाट होता, घाम होता, नाही म्हणणं सोपं होतं. सरांनी तेच सांगितलं असतं.

"पहिल्याच चापटीला कळलं," गोचीड म्हणाली.

छोटीनं बर्फ कोपरावरून काढून मांडीवर ठेवला. "मलाही कळलं होतं," ती म्हणाली. "दुसऱ्या राउंडला तू का सोडलंस ते."

बारा वर्षं घासून आपण सरांची खरी शिष्या आज झालो, असं गोचिडीच्या मनात आलं, आणि तिला पट्ट्यासकट लाज वाटली.