वाकडा खांब

मला सांगा, खांब वाकवल्याचा कुणाला अभिमान असतो का? आमच्या ह्यांना आहे. ट्रक चालवायचे तेव्हा एका गावात पेट्रोलपंपाच्या पाटीचा खांब ह्यांनी रिव्हर्स घेताना वाकवला. क्लीनर झोपला होता, मागून 'बस' म्हणायला कुणी नव्हतं. ऐकून ऐकून माझे कान किटले. मुलं तर तोंडावर म्हणतात, "बाबा, थापा पुरे!" त्यावर ह्यांचं एकच, "खांब आहे तिथं. जाऊन बघा."

ट्रक विकल्यापासून हे गप्प गप्पच असतात. म्हणून मीच म्हटलं, चला, बघूनच येऊ.

नवा हायवे बाहेरून गेला आणि गाव जुनेपणावर जगायला लागलं. दुकानांवर जुन्या पाट्या, हॉटेलात जुनी गाणी, बंद पंपासमोर फोटो काढायला एक जुना ट्रक. हे उतरले ते तरातरा पंपाकडे गेले, आणि मटकन कट्ट्यावर बसले.

खांब सरळसोट होता. वर चकाचक रंग.

"छान झालाय ना?" पंपाची मालकीणबाई म्हणाली. "उद्घाटनाच्या फोटोवरून अगदी पहिल्यासारखा करून घेतला."

"पहिल्यासारखा कसला डोंबलाचा!" माझं डोकंच फिरलं. "ह्यांनी वाकवलेला होता तो!"

बाई ह्यांच्याकडे बघतच राहिली. "अगंबाई, तुम्ही का ते? माझे सासरे मरेपर्यंत तुम्हाला शिव्या घालत होते!"

"खरंच?" ह्यांचा चेहरा असा खुलला, सत्कार झाल्यासारखा.

"खरंच. आणि आता येईल तो विचारतो, वाकडा खांब कुठंय? सरळ करून फसलो बघा आम्ही."

मी ट्रककडे बघितलं. "हा चालतो का हो?"

"चालतो की. रोज सुरू करतो."

"मग द्या किल्ली."

बाईला आधी कळेना. कळलं तशी हसत सुटली आणि किल्ली आणायला धावली. हे मात्र नको नको म्हणायला लागले. "अगं, हात थरथरतात आता. लोक हसतील."

"हसू देत. चढा वर!"

चढले. इंजिन घुरघुरलं तशी ह्यांची पाठ ताठ झाली. मालकीणबाईनं लोकांना लांब उभं केलं. मी मागे, बाजूला, आरशात दिसेन अशी उभी राहिले.

ह्यांनी खिडकीतून डोकं काढलं. "नुसता जवळ नेतो हं. तू बस म्हण वेळेवर."

"म्हणते हो! येऊ द्या!"

ट्रक हळूहळू मागे सरकला. "येऊ द्या... येऊ द्या..." खांब वीतभर राहिला. ह्यांनी आरशात माझ्याकडे बघितलं. जन्मभर ह्यांची ही गोष्ट मी मध्येच तोडत आले होते.

मी जोरात हात हलवला. "येऊ द्या!"